‘कस्टम ऑर्डर आहे, पैसे परत नाहीत’: चुकीच्या कपाटाचे पैसे कसे मागायचे

प्रश्न थोडक्यात असा. म्हापशातल्या फ्लॅटसाठी एका वर्कशॉपकडून सागवानी पलंग (७५,००० रुपये) आणि प्लायवूडचे सहा फूट रुंद, सात फूट उंच कपाट (१,१०,००० रुपये) करून घेतले. दोन्ही रकमा जीएसटी धरून. आतापर्यंत १,६५,००० रुपये दिले, २०,००० बाकी आहेत. चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) द्यायचे ठरले होते, माल आला दसऱ्यानंतर. पलंगाबद्दल तक्रार नाही. कपाट कोटेशनमध्ये २४ इंच खोल आणि आयएस ७१० बीडब्ल्यूपी प्लायचे (भारतीय मानक ७१० चा, उकळत्या पाण्यातही न सुटणारा प्लाय) होते. प्रत्यक्षात ते २२ इंच भरले, कोटांचे हँगर शटरला अडतात, दुसरे एक शटर नीट बसत नाही, प्लायबद्दलही शंका आहे. मालक म्हणतो, कस्टम ऑर्डर परत घेत नाही, हवे तर आठ हजार कमी करतो. सगळे पैसे परत मिळतील का?

सगळे नाही मिळणार, आणि सगळे मागूही नका. पलंग बरोबर आहे, तुम्ही तो वापरताय. त्याचे ७५,००० रुपये त्यांचेच. कपाट पूर्ण नाकारायचे तर हिशेब असा: कपाटाचे १,१०,०००, त्यातून तुमच्याकडची बाकी २०,००० वजा, म्हणजे ९०,००० रुपये तुमच्या खात्यात आणि बाकी शून्य. तुमचा आकडा हाच. रोज पलंगावर झोपून १,६५,००० मागितले की मालकाला बोलायला जागा मिळते आणि पुढे ग्राहक आयोगासमोरही तुमची बाजू उगाच हलकी पडते. दोन्ही वस्तूंची किंमत कोटेशनमध्ये वेगवेगळी लिहिली आहे, हे तुमच्या पथ्यावर पडणारे आहे. ‘बेडरूम सेट, एकूण १,८५,०००’ असे असते तर एक भाग स्वीकारून दुसरा नाकारता येतो का, हा वाद मालविक्री कायद्याच्या कलम १३ खाली निघाला असता.

‘कस्टम’ या शब्दाला लोक नको तेवढे घाबरतात. मापाप्रमाणे केलेली वस्तू तुम्हाला आवडली नाही, रंग घरी आणल्यावर गडद वाटला, बायकोला डिझाइन पटले नाही, या कारणांवर पैसे परत मागता येत नाहीत. इथे मालकाचे म्हणणे बरोबर आहे, कारण ते कपाट तो दुसऱ्याला विकू शकत नाही. पण ठरल्यापेक्षा वेगळी वस्तू दिली तर ती कस्टम असणे तुमच्याच बाजूने जाते: माप, साहित्य, तारीख सगळे तुमच्यासाठी लिहून ठरले होते, त्यामुळे काय चुकले ते टेप लावून दाखवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. मुदत बिलावर लिहिलेली असेल ती, आणि बिलावर काहीच नसेल तर ३० दिवस. बिलाच्या तळाशी ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापले म्हणून ही तरतूद रद्द होत नाही.

आता तुमच्या चार तक्रारी. त्यांचे वजन सारखे नाही.

खोली ही सर्वांत भक्कम. हँगर साधारण १७-१८ इंचांचा असतो, त्यावर कोट चढला की २१-२२ इंच लागतात. कपाट बाहेरून २२ इंच असेल तर शटर आणि पाठीचा प्लाय जाऊन आत जेमतेम २१ उरतात. उघडझाप शटरच्या कपाटाला २४ इंच खोली धरतात ती यासाठीच; सरकत्या शटरला तर २६-२७ लागते. हा दोष दुरुस्त होण्यातला नाही, सांगाडाच नवा करावा लागतो. सुतारकामात दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतात, दोन इंच होत नाहीत. बहुतेक वेळा याचे कारण प्लायची बचत असते. आठ बाय चारच्या शीटची रुंदी ४८ इंच. त्यातून २४ इंचांचे दोन पट्टे निघत नाहीत, कारण करवतीचा काप तीन-चार मिलिमीटर खातो आणि कडा साफ करताना आणखी जाते. म्हणून प्रामाणिक कारागीर २३¾ ची बाजू धरून पुढे शटरची जाडी मिळवतो आणि बाहेरून २४ भरून देतो. २२ भरत असेल तर कापणीत चूक झाली, किंवा दुसऱ्या कामाचे उरलेले पट्टे वापरले. कारण शोधणे तुमचे काम नाही, माप दाखवणे पुरे.

न बसणारे शटर ही सर्वांत कच्ची तक्रार. आधी खात्री करा की चूक कपाटाची आहे, जमिनीची नाही. कपाटाच्या पुढच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा: वरचा डावा कोपरा ते खालचा उजवा, मग उलटा. दोन्ही आकडे सारखे, किंवा तीन मिलिमीटरच्या आत असतील तर कपाट गुण्यात (काटकोनात) आहे आणि दोष लेव्हलचा आहे. पायाखाली पाचर किंवा ॲडजस्टेबल पाय लावून तो निघतो. जुन्या घरांत तर फरशी आणि भिंत दोन्ही ओळंब्यात नसतात, त्याचा दोष मेस्ताच्या (सुताराच्या) माथी मारू नये. कप-बिजागरीच्या स्क्रूने शटर वर-खाली, डावे-उजवे आणि आत-बाहेर दोन-तीन मिलिमीटर हलते. तेवढ्याने बसत असेल तर ही तक्रार पत्रातून काढून टाका. कर्णात दहा-बारा मिलिमीटर फरक निघाला तर मात्र तीही खोलीच्या रांगेत जाते.

प्लायची शंका खरी असू शकते, पण ‘शंका आहे’ एवढे लिहून भागत नाही. लॅमिनेट दोन्ही बाजूंनी चढल्यावर शीटवरचा शिक्का झाकला जातो. आत डोकावायची एक सोपी जागा आहे: शटरची एक बिजागरी दोन स्क्रू सोडवून काढा. तिथे ३५ मिलिमीटर व्यासाचा गोल खड्डा असतो आणि त्याच्या भिंतीत प्लायचे थर उघडे दिसतात. भुश्याचा लगदा दिसला तर तो पार्टिकल बोर्ड, गुळगुळीत तपकिरी कागदासारखे दिसले तर एमडीएफ. मग वाद तिथेच मिटला. थर दिसले तर थरांमधल्या डिंकाच्या रेषा बघा. बीडब्ल्यूपी प्लायला फिनॉल फॉर्माल्डिहाइड रेझिन लागते, त्याच्या रेषा गडद तपकिरी दिसतात. साध्या एमआर (फक्त दमटपणा सोसणाऱ्या) प्लायचा युरिया डिंक फिका असतो. रंग मिसळून एमआर गडद करणारेही आहेत, त्यामुळे गडद रेषा म्हणजे सिद्ध झाले असे नाही. पण फिक्या रेषा दिसल्या तर तुमच्या शंकेत तथ्य आहे. टॉर्च मारून फोटो काढा, बिजागरी परत बसवा. मग लेखी एकच मागणी करा: या कामासाठी घेतलेल्या प्लायच्या खरेदीच्या बिलाची प्रत. प्लाय खरोखर आयएस ७१० असेल तर हे बिल दाखवायला कोणी दोन दिवस लावत नाही. टाळाटाळ झाली तर ती टाळाटाळही पुराव्यात जमा.

घरी तुकडा उकळून बघायचा सल्ला सर्रास दिला जातो. आयएस ७१० ची कसोटी ७२ तास उकळण्याची आहे आणि एमआर प्लाय उकळण्यासाठी नसतोच, त्यामुळे तुकडा तासा-दोन तासांत सुटला तर उत्तर तुम्हाला कळेल, आयोगाला नाही. आयोगाला हवा प्रयोगशाळेचा अहवाल. तो ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली आयोगच मागवतो, नमुना सीलबंद करून पाठवतो आणि चाचणीची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. लाकडाची जात ओळखून हवी असेल (सागवान सांगून दुसरेच लाकूड रंगवून दिले, हा प्रकार प्लायपेक्षा जास्त होतो) तर बंगळुरूची काष्ठ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था नमुना तपासून लेखी देते. खोलीच्या दोषावर तुमचे काम होत असेल तर या खर्चात पडूच नका.

उशीर हा मुद्दा दिसतो मोठा, पण तो तुमच्या हातून बहुधा निसटला आहे. करार कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मुदत टळल्यावर तुम्ही माल घेतला आणि घेतानाच ‘उशिराची भरपाई मागणार आहे’ असे कळवले नाही, तर नंतर उशिराची भरपाई मागता येत नाही. माल उतरवताना किंवा त्याआधी व्हॉट्सॲपवर तसा काही मजकूर गेला आहे का बघा. ‘चवथ होऊन गेली, पाहुणे जमिनीवर झोपले, याचं काय?’ एवढेही पाठवले असेल तर उपयोगाचे आहे. नसेल तर उशिराचा उल्लेख तारखांपुरता ठेवा, त्यावर पैसे मागू नका.

आता त्या आठ हजारांबद्दल. तो आकडा कुठून आला असेल याचा अंदाज करता येतो. एवढ्या कपाटाला १८ मिलिमीटरच्या पाच-सहा शीट लागतात, म्हणजे सहा धरल्या तर १९२ चौरस फूट. दोन प्रकारच्या प्लायमध्ये चौरस फुटामागे ४५ रुपये फरक धरला की ८,६४० रुपये होतात. मालक तुम्हाला त्याची वाचलेली रक्कम परत देतोय. तुमचे नुकसान त्याच्या हिशेबात आलेलेच नाही. चुकीचा प्लाय बदलायचा तर लॅमिनेट, एज बँड, बिजागऱ्या, मजुरी, सगळे पुन्हा. तुमचे नुकसान म्हणजे कपाट पुन्हा करून घेण्याचा खर्च. तरीही एक गोष्ट शांतपणे ठरवा: हे कपाट तुम्ही दहा वर्षे वापराल का? कोट दुसरीकडे ठेवता येत असतील, भिंत कोरडी असेल आणि कपाट एरवी आवडले असेल, तर सूट घेऊन मोकळे होणे शहाणपणाचे आहे; फक्त आकडा आठ हजार नसावा. दुसऱ्या एखाद्या वर्कशॉपकडून सांगाडा बदलण्याचे लेखी कोटेशन घ्या आणि बोलणी त्या आकड्यापासून सुरू करा. बाकीचे २०,००० तुमच्याच हातात आहेत, हे मालकालाही ठाऊक आहे. भिंतीला ओल येत असेल तर मात्र एमआर प्लायचे कपाट सवलतीतही ठेवू नका. दोन पावसाळ्यांत पाठ फुगते.

कपाट नाकारायचे ठरले तर आजच नाकारा. वस्तू घरात ठेवून, वापरून, वाजवी वेळ गप्प बसलात तर तुम्ही ती स्वीकारली असे कायदा मानतो. त्यातले कपडे काढा. परत नेऊन देण्याची जबाबदारी तुमची नाही. मालविक्री कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे ‘मी हे स्वीकारत नाही’ असे कळवणे पुरेसे आहे, उचलून न्यायचे काम विक्रेत्याचे. स्वतः खोलून गॅलरीत टाकू नका, नाहीतर पुढचा ओरखडा आणि फुगवटा तुमच्या नावावर लागेल. झाकायचे तर जुन्या चादरीने झाका. प्लास्टिकखाली दमट हवेत आठवड्यात बुरशी धरते, आणि बुरशीचे फोटो मग समोरचा दाखवतो.

फोनवर बोलून काही होत नाही. ‘फाल्यां माणूस धाडतों’ (उद्या माणूस पाठवतो) हे वाक्य महिनाभर चालते. बोलणे झाले तरी त्यानंतर एक लेखी मजकूर जाऊ द्या, व्हॉट्सॲपवर आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टने, दोन्हीकडून. मजकूर असा पुरे:

‘दि. ___ च्या आपल्या कोटेशननुसार कपाट २४ इंच खोल आणि आयएस ७१० बीडब्ल्यूपी प्लायचे द्यायचे होते. दि. ___ रोजी मिळालेल्या कपाटाची खोली २२ इंच आहे. टेप लावून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत. हा दोष दुरुस्तीने जाणारा नाही. मी हे कपाट स्वीकारलेले नाही आणि ते वापरात नाही. दि. ___ पर्यंत (आजपासून १५ दिवस) कपाट उचलून न्यावे आणि ९०,००० रुपये माझ्या खात्यावर जमा करावेत. किंवा कोटेशनप्रमाणे नवे कपाट दि. ___ पर्यंत बसवून द्यावे, तसे केल्यास बाकी २०,००० रुपये त्याच दिवशी देईन. प्लायच्या खरेदी बिलाची प्रत सात दिवसांत द्यावी. मुदतीत काहीच न झाल्यास ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. पलंगाबद्दल माझी तक्रार नाही.’

नव्या कपाटाचा पर्याय मुद्दाम ठेवला आहे. तुम्हाला त्या माणसाचे तोंडही बघायचे नसेल, तरी सुधारायची एक लेखी संधी दिलेली असली की पुढे ‘आम्हाला विचारलेच नाही’ असे कोणी म्हणू शकत नाही. पण पर्याय लिहिला की तो पाळावा लागतो, हेही लक्षात घ्या. शेवटचे वाक्य गाळू नका. जे बरोबर आहे ते बरोबर म्हणणाऱ्याच्या तक्रारीवर विश्वास बसतो. धमक्या, जातीवरून किंवा बाहेरगावचा म्हणून टोमणे, गूगलवर एक तारा देण्याची भीती, यातले काही लिहू नका. हाच कागद पुढे पहिली पुरावा-प्रत होणार आहे.

यावर एक हमखास उत्तर येते: ‘जीएसटी सरकारला भरला, तो कसा परत करू?’ १,१०,००० मध्ये १८ टक्के जीएसटी म्हणजे मूळ किंमत ९३,२२० आणि कर १६,७८०. माल परत आला की विक्रेता क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) काढतो आणि तेवढा कर त्याच्या पुढच्या विवरणातून वजा होतो. मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत (वार्षिक विवरण आधी भरले तर तोपर्यंत). त्यामुळे कर सोडून फक्त ९३,२२० परत, हा हिशेब मान्य करू नका. ‘दुकानाची क्रेडिट नोट घ्या, पुढच्या वेळी वापरा’ ही वेगळी गोष्ट. ती घेणे तुमच्यावर बंधनकारक नाही. बिल कच्चे असेल आणि जीएसटी नावालाच घेतला असेल तर मालक या विषयात फार खोल जात नाही, असाही अनुभव येईल.

पंधरा दिवसांत काही झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. ती न्यायालय नाही. तक्रार कंपनीकडे पोचवते आणि पाठपुरावा करते. मोठ्या फर्निचर कंपन्या तिथे पटकन हलतात, गल्लीतले वर्कशॉप क्वचितच. नोंदीचा क्रमांक जपून ठेवा आणि वाट बघत महिने घालवू नका.

खरी जागा जिल्हा ग्राहक आयोग. म्हापसा उत्तर गोव्यात, म्हणजे पर्वरीचा आयोग. दक्षिण गोव्याचा मडगावला आहे. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वर्कशॉप बेळगावला असले तरी. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग आणि पाच लाखांपर्यंत फी शून्य. मुदत दोष कळल्यापासून दोन वर्षे. वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवर भरता येते. तक्रार, प्रतिज्ञापत्र, तारखांची यादी, कोटेशन, बिल किंवा पावत्या, पैसे भरल्याचे पुरावे, फोटो, पत्र आणि पोचपावती असा गठ्ठा लागतो. व्हॉट्सॲपचे संभाषण आणि फोनमधले फोटो जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडा. रोमी म्हणजे रोमन लिपीत लिहिलेले कोंकणी मेसेज असतील तर त्यांचे भाषांतर शेजारी द्या. अध्यक्षांना संदर्भ शोधत बसावे लागू नये.

लोक अडखळतात ते एका साध्या गोष्टीवर: तक्रार कोणावर? पाटीवरचे नाव ही कायद्याने व्यक्ती नसते. बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर जीएसटी पोर्टलवर टाकून मालकाचे कायदेशीर नाव बघा. नसेल तर वर्कशॉपचा व्यापार परवाना पंचायतीने किंवा पालिकेने दिलेला असतो, तिथे माहिती अधिकारात नाव मिळते. पैसे यूपीआयने मुलाच्या किंवा भाच्याच्या नंबरवर गेले असतील तर ‘अमुक रक्कम कपाटाच्या ऑर्डरपोटी मिळाली’ असा मालकाचा मेसेज, भांडण पेटायच्या आत, मिळवून ठेवा. रोख दिलेल्या रकमेचा कागद नसेल तर तेवढा भाग सिद्ध करणे जड जाते. मग कोटेशनवर हाताने लिहिलेली ‘ॲडव्हान्स जमा’ ही ओळही सोन्याची.

मागणी नेमकी लिहा: ९०,००० रुपये, पैसे दिल्या तारखेपासून वार्षिक ९ टक्के व्याज (महिन्याला ६७५ रुपये), कपाट नेण्याचा खर्च त्यांचा, तक्रारीचा खर्च. मानसिक त्रासाचे पाच लाख लिहून काही पदरात पडत नाही, उलट कागद हलका होतो. समोरच्याला उत्तराला ३० दिवस, वाढवून आणखी जास्तीत जास्त १५ मिळतात. कायद्यात निकालाची मुदत तीन महिने, चाचणी लागली तर पाच आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो हे धरून चला. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड आहे, आणि बहुतेक मालक त्या अर्जाच्या नोटिशीनंतर पैसे भरतात.

गोव्यात एक खड्डा खास जपायला हवा. हे फर्निचर पर्यटकांना भाड्याने द्यायच्या फ्लॅटसाठी किंवा होमस्टेसाठी असेल तर समोरचा वकील पहिला मुद्दा काढेल की ही व्यावसायिक खरेदी आहे, तुम्ही ‘ग्राहक’च नाही. स्वतः चालवून त्यावरच पोट भरत असाल तर बचाव आहे. दिल्लीत राहून तिसरा फ्लॅट सजवत असाल तर फारसा नाही, मग दिवाणी न्यायालय. बिलावर स्वतःच्या धंद्याचा जीएसटी क्रमांक टाकून कराची वजावट घेतली असेल तर प्रश्न जवळजवळ तिथेच संपतो.

तुमच्यासारख्याच स्थितीत, पण काम सुरू व्हायच्या आधी ऑर्डर रद्द करणाऱ्यांसाठी थोडे. लाकूड कापलेले नसेल तर माप घ्यायला येण्याचा आणि ड्रॉइंगचा वाजवी खर्च वजा होऊन ॲडव्हान्स परत यायला हवा. कोटेशनवर ‘ॲडव्हान्स परत नाही’ असले तरी करार कायद्याच्या कलम ७४ खाली वाजवी भरपाईच कापता येते. सर्वोच्च न्यायालयाने कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण (२०१५) या निकालात नुकसान झालेलेच नसताना रक्कम जप्त करणे मान्य केले नाही. कापणी झाली असेल तर मालकाकडे साहित्याची बिले आणि कापलेल्या मालाचे फोटो मागा. तेवढे वजा करणे रास्त आहे, आणि मग ते साहित्य तुमचे. साध्या १८ मिलिमीटर प्लायच्या अख्ख्या शीट मात्र कुठल्याही कामात वापरता येतात, त्यांचे पैसे कापू देऊ नका.

घरचे लाकूड देऊन मजुरीवर काम दिले असेल (जुन्या घराच्या तुळया, वाडीतला फणस किंवा सागवान) तर पैशांपेक्षा लाकडाचा हिशेब महत्त्वाचा. देताना मोजणी लिहा: ७ फूट लांब, ९ इंच रुंद, दीड इंच जाड अशा १२ फळ्या म्हणजे सुमारे ७.९ घनफूट. रंध्यात आणि कापात एक भाग जातोच, पण निम्मे लाकूड गायब झाले तर मागायला हा कागद हवा. अशा वेळी मजुरी परत आणि लाकडाची बाजारभावाने किंमत, अशा दोन वेगळ्या मागण्या करायच्या.

पावसाळ्यातल्या तक्रारींना थोडा धीर लागतो. दीड फूट रुंदीची सागवानी फळी जुलैत तीन-चार मिलिमीटर फुगू शकते. ड्रॉवर अडकला म्हणून पैसे परत मिळत नाहीत. जानेवारीत तो मोकळा झाला तर लाकडाचा स्वभाव म्हणायचा आणि कडेला रंधा मारून घ्यायचा. पण दाराच्या चौकटीतली फळी खाचेत डिंकाने चिकटवल्यामुळे तडकली, सांधे उघडले, फळी पिळली किंवा पॉलिशवर पांढरा धुरकट थर आला (दमट दिवशी स्प्रे मारल्याने येतो), तर ती कामाची चूक आहे. किनाऱ्याजवळच्या घरात स्टेनलेस स्टीलच्या सांगून लावलेल्या बिजागऱ्या सहा महिन्यांत गंजल्या तर लोहचुंबक लावून बघा. ३०४ प्रतीचे स्टील त्याला जवळपास चिकटत नाही.

ऑनलाइन कंपनीकडून मापाने बनवून घेतले असेल तर ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे ठरल्याहून वेगळा, सदोष किंवा सांगितलेल्या तारखेनंतर आलेला माल परत घ्यायला नकार देता येत नाही, आणि तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे चार्जबॅक (कार्डावरून गेलेली रक्कम परत फिरवणे) लगेच मागा, त्याची मुदत काही महिन्यांतच संपते. ईएमआयवर घेतले असेल तर भांडणापायी हप्ता थांबवू नका. कर्ज वित्तसंस्थेचे आहे, सिबिल तुमचे बिघडेल. इन्स्टाग्रामवरचा विक्रेता पैसे घेऊन गायबच झाला असेल तर हा ग्राहक वाद नाही, फसवणूक आहे: त्याच तासाला १९३० वर फोन करा.

शेवटी बहुतेक प्रकरणे तडजोडीत मिटतात, आणि तिथे घाईत सही होते. ‘पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली’ या कागदावर सही पैसे खात्यात दिसल्यावरच. टेम्पो दाराशी आला आणि पैसे ‘संध्याकाळी टाकतो’ असे असेल तर कपाट उचलू देऊ नका. एनईएफटी जमा झाल्याचा मेसेज आला की मग खाली नेऊ द्या. हप्त्यांत देणार असेल तर तोंडी तारखांऐवजी पुढच्या तारखांचे धनादेश घ्या, मालकाच्या स्वतःच्या खात्याचे. तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाका. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस पोचल्यावर १५ दिवस वाट, आणि त्यानंतर एका महिन्याच्या आत धनादेश न वटल्याची, कलम १३८ ची तक्रार. तडजोडीच्या कागदावर कपाट कोण, कोणत्या दिवशी, कोणाच्या खर्चाने नेणार आणि नेताना भिंतीचे किंवा लिफ्टचे नुकसान झाले तर कोण भरणार, ही ओळही घालून घ्या.